हिंदुकुशापाशी गेम ओव्हर?

‘टोटल वॉर : रोम २’ उघडलं की बहुतेक जण डोळे झाकून रोम निवडतात. पण नकाशाच्या पार उजव्या कोपऱ्यात एक ग्रीक राज्य बसलंय. त्याच्या गोष्टीचा पुढचा भाग थेट आपल्याकडे येतो!

‘अगं, कुठे कोपऱ्यात जाऊन बसतेस? रोम घे ना, सोप्पं जातं,’ दादा मागून ओरडला. सेमिस्टर नुकतीच संपलेली, लॅपटॉप त्याचा, आणि मला कुठल्याही खेळात सोप्पं ते घ्यायचा कंटाळा. मी हट्टाने बॅक्ट्रियावर क्लिक केलं.

बॅक्ट्रिया म्हणजे आजच्या अफगाणिस्तानचा उत्तर भाग, अमू दर्या नदीच्या आसपासचा. बाल्ख हे त्याचं मुख्य शहर. अलेक्झांडर इथवर आला, इथल्याच रोक्सानाशी त्याने लग्न केलं, आणि मागे ग्रीक सैनिकांच्या वस्त्या सोडून गेला. ग्रीसपासून हजारो किलोमीटर लांब ग्रीक बोलणारं, ग्रीक नाणी पाडणारं राज्य उभं राहिलं, ते असं. २०१३मध्ये आलेल्या या गेममध्ये बॅक्ट्रिया नंतर फुकट मिळालं. खेळ सुरू होतो इ.स.पू. २७२ला. एक टर्न म्हणजे एक वर्ष.

सुरुवातीला तुम्ही राजे वगैरे काही नसता. पश्चिमेच्या अवाढव्य सेल्युसिड साम्राज्याचे मांडलिक असता. उत्तरेला घोड्यांवरच्या भटक्या टोळ्या. तिजोरीत मोजके पैसे. मी अकराव्या टर्नला बंड पुकारलं. सोळाव्या टर्नला माझी राजधानी गेली. दादा खो खो हसत होता.

चिडून मी खरं काय झालं होतं ते वाचायला घेतलं, आणि तिथेच फसले. कारण खरी गोष्ट गेमपेक्षा भारी निघाली.

खऱ्या बॅक्ट्रियाचा सुभेदार डायोडोटस घाई करत नाही. सेल्युसिड सम्राट दुसरीकडच्या लढायांत अडकलाय हे बघून तो साधारण इ.स.पू. २५०च्या सुमारास वेगळा होतो. म्हणजे गेमच्या हिशेबात बाविसाव्या टर्नच्या आसपास. पुढे इ.स.पू. २०८ला सम्राट तिसरा अँटिओकस हिशेब चुकता करायला येतो आणि राजधानीला वेढा घालतो. तेव्हाचा राजा युथिडेमस. वेढा दोन वर्षं चालतो. शेवटी युथिडेमस निरोप पाठवतो, तो साधारण असा : उत्तरेला टोळ्या टपून बसल्यात; आपण दोघं भांडत राहिलो तर त्या दोघांनाही गिळतील. अँटिओकसला ते पटतं. तो युथिडेमसचं राजेपद मान्य करतो, त्याच्या मुलाला आपली मुलगी द्यायचं कबूल करतो आणि बॅक्ट्रियाचे हत्ती घेऊन निघून जातो. पॉलिबियस या इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय. आपण गेममध्ये डिप्लोमसीचं बटण शेवटी दाबतो. युथिडेमस त्याच बटणावर वाचला.

दुसऱ्या डावात मी तेच केलं. गप्प राहिले, पैसे साठवले, योग्य वेळी वेगळी झाले. राज्य टिकलं! मग सैन्य गोळा केलं आणि पूर्वेला निघाले.

आणि नकाशा संपला. पुढे क्लिकच होईना. गेमपुरतं जग हिंदुकुशापाशी थांबतं.

खरी माणसं मात्र थांबली नाहीत. अँटिओकसने ज्याला मुलगी द्यायचं कबूल केलं, तो डिमिट्रियस पर्वत ओलांडून भारताच्या बाजूला उतरला. नाण्यांवर त्याच्या डोक्यावर चक्क हत्तीचं मुंडकं आहे. त्याच्यानंतरच्या अगॅथोक्लिस राजाच्या नाण्यावर एका बाजूला चक्र घेतलेला कृष्ण, दुसऱ्या बाजूला नांगर घेतलेला बलराम. अक्षरं ग्रीक आणि ब्राह्मी. ही नाणी १९७०मध्ये अफगाणिस्तानातल्या आय खानूममध्ये सापडली. तिथे ग्रीक नाट्यगृह आणि व्यायामशाळाही मिळाली. त्यानंतर मिनँडर. शाळेत हे नाव मी दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. ‘मिलिंदपन्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारणारा राजा मिलिंद तो हाच.

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो मात्र घराजवळ. आम्ही दरवर्षी एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला जातो. देवळाला लागूनच लेणं. आत चैत्यगृहात खांबांच्या दोन रांगा. त्यातल्या काही खांबांवर ब्राह्मीत कोरलंय, की हा खांब धेनुकाकट गावच्या यवनाने दान दिला. यवन हा शब्द आपल्याकडे ग्रीकांवरूनच आला. इतकी वर्षं त्याच खांबाला टेकून मी सेल्फी काढत होते!

गेमला दोष देण्यात अर्थ नाही. कुठला तरी नकाशा कुठे तरी संपणारच. पण आपल्या पिढीतल्या कित्येकांना प्राचीन जग पहिल्यांदा भेटतं ते स्क्रीनवरच. तिथे जे नाही ते घडलंच नाही, असं आपल्याला नकळत वाटायला लागतं. त्या रेषेपलीकडे काय होतं हा प्रश्न पडला, तर मात्र गेमने आपलं काम केलं म्हणायचं.

यंदा दर्शन झालं की दादाला लेण्यात नेणार आहे. रोम त्याचं त्यालाच लखलाभ.

बॅक्ट्रिया घेणार असाल तर...
• बंडाची घाई नको. मांडलिक आहात तोवर पाठीशी मोठा मालक आहे.
• उत्तरेची सीमा मोकळी ठेवू नका. खऱ्या बॅक्ट्रियाचा शेवटही उत्तरेकडून आलेल्या टोळ्यांनीच केला.
• हत्ती पहिल्याच फळीत सोडू नका. भाल्यांचा मारा झाला की बिथरतात आणि आपल्याच माणसांना तुडवतात.