रातोरात पोहोचणारा अजगर

रात्री उशिरा अमेरिकेतल्या मेम्फिस विमानतळावर फेडेक्सची मालवाहू विमानं एकामागून एक उतरू लागतात. देशभरातली पार्सलं इथे पट्ट्यांवरून धावतात, आपापली दिशा धरतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा विमानात चढतात. या लाखो खोक्यांपैकी एखाद्यात बॉल पायथनचं पिल्लू असतं, पश्चिम आफ्रिकेतल्या छोट्या जातीच्या अजगराचं. काल दुपारी ते फ्लोरिडात होतं. आज सकाळी साडेदहाच्या सुमारास ते ओहायोत असेल, जिवंत आणि धडधाकट.

हे शक्य होतं ते त्या जिवाच्या संथपणामुळे. आपण खातो त्यातला फार मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. अजगर शरीर गरम ठेवायला सहसा स्वतः उष्णता तयार करत नाही, ती भोवतालाकडून घेतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढी ऊर्जा लागते, तिचा साधारण दहावा हिस्सा त्याला पुरतो. एक रात्र उपाशी आणि अंधारात काढणं उंदराला फार जड जातं, अजगराला नाही. मोठा बॉल पायथन तर कित्येक महिने खाल्ल्यावाचून राहतो.

उलट, भरल्या पोटी पाठवला तर मात्र तो धोक्यात येतो. ब्रह्मदेशी अजगरावरचे प्रयोग थक्क करणारे आहेत: मोठी शिकार गिळल्यावर दोन-तीन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, आतडी फुगतात, सगळी यंत्रणा कामाला लागते. पचनाचा हा सोहळा उबेवर चालतो. वाटेत ऊब कमी पडली तर भक्ष्य पोटातच सडू लागतं, नाहीतर उलटून पडतं. म्हणून जाणते पाळणारे पाठवण्याआधी निदान पाच-सात दिवस त्याला खायला देत नाहीत.

आता खोका उघडून पाहू. बाहेर जाड पुठ्ठा, आत सहाही बाजूंना थर्माकोलचे पत्रे. मधे तोंड घट्ट बांधलेली कापडी पिशवी, तिच्यात साप. भोवती चुरगळलेला कागद, म्हणजे पिशवी आदळत नाही. थंडीच्या दिवसांत झाकणाच्या आतल्या बाजूला एक चपटं पाकीट चिकटवतात. त्यात लोखंडाची भुकटी, मीठ, कोळशाची पूड आणि थोडा ओलावा असतो. हवा लागली की लोखंड गंजू लागतं, आणि गंजताना उष्णता देतं. साधा गंज, पण तो चाळीस-चाळीस तास ऊब पुरवतो!

गंजायला प्राणवायू लागतो. म्हणजे त्या बंद खोक्यात लोखंड आणि साप एकाच हवेवर असतात. म्हणून खोक्याला भोकं पाडावी लागतात. भोकं कमी पडली तर पाकीट विझतं आणि सापाचीही घुसमट होते. फार झाली तर ऊब निघून जाते. हात शेकायची साधी पाकिटं इथे चालत नाहीत, ती फार तापतात. थंडीत सापाचं शरीर मंदावतं, निदान काही काळ तग धरतं. अतिउष्णतेत मात्र तो पाहता पाहता मरतो, कारण पिशवीतून सरकून जायला त्याला जागा नसते. त्याच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. काळोखातही ऊब कुठल्या बाजूला आहे हे त्याला कळतं. कळूनही तिथून दूर जाता येत नाही, म्हणून ती काळजी माणसानेच घ्यायची. मुक्कामी कडक ऊन किंवा गोठवणारी थंडी असेल तर पार्सल थांबवावं. शुक्रवारी पाठवू नये, नाहीतर सुट्टीत ते गोदामात अडकतं. दारात ठेवून जाण्यापेक्षा कुरिअरच्या केंद्रावरून स्वतः उचलणं बरं.

कायद्याच्या वाटा याहून वळणाच्या आहेत. अमेरिकी टपाल खात्यातून निरुपद्रवी सरडा पाठवता येतो, वीस इंचांपर्यंतचं मगरीचं पिल्लूही पाठवता येतं. साप आणि कासव मात्र मुळीच नाही. सापासाठी खाजगी कुरिअरच, तेही त्यांनी आधी मान्यता दिलेल्या पाठवणाऱ्याकडूनच. खोक्यावर आत कोणता प्राणी आहे आणि किती, हे लिहावं लागतं. १९०० सालचा लेसी कायदा सांगतो की एखाद्या राज्यात जो प्राणी बेकायदा आहे, तो राज्याची हद्द ओलांडून तिथे नेणं हा केंद्राचाही गुन्हा. हवाईत तर साप पाळायलाच बंदी आहे. याचं कारण ग्वाम बेटावर दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या मालवाहतुकीत तपकिरी वृक्षसर्प तिथे पोहोचले आणि त्यांच्या वंशजांनी बेटावरचे बहुतेक रानपक्षी संपवले.

जो संथपणा सापाला सुखरूप पोहोचवतो, तोच तस्करांच्याही कामी येतो, आणि हे वाचताना मन कळवळतं. आपल्याकडच्या तारा कासवांना चिकटपट्टीने गुंडाळून कपड्यांच्या बॅगेत कोंबतात, कारण ती ओरडत नाहीत आणि उपाशी तग धरतात. २०१९ मध्ये या कासवाला ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात घेतलं गेलं, म्हणजे रानातून पकडलेल्यांचा व्यापार पूर्ण बंद. भारतात ते घरी पाळणंही गुन्हा आहे. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात विदेशी साप-सरडे सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. असा प्राणी कोणी विकायला आणला तर आधी आयातीची कागदपत्रं मागावीत. साइटीसच्या यादीतला विदेशी प्राणी बाळगायचा तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते.