नारळाच्या दुधाची भुकटी

शिळे अन्न आपल्या बहुतेक घरी वर्ज्य असते. त्यामुळे नारळाच्या दुधाचा डबा एकदा फोडला की उरलेल्याचे काय करावे, हा प्रश्न गृहिणींस पडतो. भुकटीने तो सुटतो. एका वेळच्या सोलकढीस लागेल तेवढीच काढावी. प्रथम थोड्या कोमट पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्या, मग पाणी वाढवावे व निवल्यावर कोकमाचे आगळ घालावे. (लसणाची उणीव हिंग-जिऱ्याने भासत नाही.) आमटीत मात्र शेवटी घालून आच मंद ठेवावी, खळखळून उकळल्यास दूध फुटते. बरणी घट्ट झाकावी, कारण भुकटी ओल चटकन ओढते.

व्यापारी बंधूंनी एक गोष्ट अवश्य ध्यानी घ्यावी. नारळातील तेलाचा अंश कोरड्या भुकटीत धरून ठेवण्यासाठी अनेक उत्पादक सोडियम केसिनेट वापरतात, आणि ते जनावरांच्या दुधापासून होते. दूध शाकाहारात मोडत असल्याने वेष्टनावरील हिरवी खूण हा भेद दाखवीत नाही. ‘सेंद्रिय’ या एका शब्दावरही विसंबू नये. दुग्धरसाचा त्याग केलेल्या गिऱ्हाइकाने मागणी केल्यास घटकांची यादी वाचून मगच पुडा हाती द्यावा. केसिनेटविरहित भुकटीही मिळते. दुकानात ती वेगळ्या फळीवर मांडलेली बरी.