ताप नसला तरी: अवयव प्रत्यारोपण आणि रक्तातला जंतुसंसर्ग

किडनी किंवा लिव्हर बदलून घरी आलेल्या माणसाला सल्ल्यांची कमतरता नसते. कुणी म्हणतं, याला आता प्रतिकारशक्तीच उरली नाही, उंबऱ्याबाहेर पाठवू नका. कुणी म्हणतं, प्रतिकारशक्ती वाढवायला रोज गुळवेलीचा काढा द्या. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्ही चुकीचे असतात. प्रत्यारोपणानंतर जिवावर बेतणाऱ्या गोष्टींत जंतुसंसर्ग अगदी वरच्या क्रमांकावर आहे. जंतू रक्तात पोचले, तर हातातली वेळ तासांत मोजावी लागते. अशा वेळी घरच्यांच्या डोक्यात नेमकं काय पक्कं बसलं आहे, यावर पुष्कळ काही ठरतं.

“गोळ्यांमुळे प्रतिकारशक्ती शून्य होते.”

शून्य होत नाही, मुद्दाम कमी करून ठेवलेली असते. २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. दाता आणि रुग्ण हुबेहूब जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने नवी किडनी परकी मानली नाही. असा जुळा भाऊ किती जणांना असणार? बाकीच्यांसाठी मार्ग खुला केला तो औषधांनी. सायक्लोस्पोरिनला अमेरिकेत १९८३ मध्ये मान्यता मिळाली. आज बहुतेकांच्या डब्यात टॅक्रोलिमस असतं. ही दोन्ही औषधं प्रामुख्याने टी-पेशींवर काम करतात. परका अवयव दिसल्यावर या पेशींची संख्या झपाट्याने वाढवणारा रासायनिक निरोप ती निघूच देत नाहीत. पण जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तात फिरतच असतात आणि पूर्वी तयार झालेली प्रतिपिंडंही बरीच शिल्लक असतात. सोबतची मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइड) ही औषधं त्या शक्तीला आणखी लगाम घालतात, तरी ती संपवत नाहीत. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त देऊन औषधाची ‘लेव्हल’ तपासायची असते ती याचसाठी. लेव्हल फार वाढली तर जंतूंचं फावतं, फार उतरली तर शरीर अवयव नाकारू लागतं.

“ताप नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही.”

सगळ्यांत जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. ताप, सूज, लाली, पू ही लक्षणं मुख्यतः आपल्याच प्रतिकारशक्तीच्या लढाईतून उमटतात. ती शक्तीच दबलेली असेल तर लढाईचा आवाज बाहेर येत नाही. रक्तात जंतू वाढत असतानाही थर्मामीटर ९९ दाखवू शकतो. पांढऱ्या पेशींचा काउंटही फसवा: मायकोफिनोलेट तो खाली आणतं, स्टेरॉइड वर नेतं. म्हणून बाकीच्या गोष्टींकडे डोळसपणे पाहायला हवं. हुडहुडी भरणं, धाप लागणं, बीपी उतरणं, लघवी कमी होणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं, एकाएकी अन्नावरची वासना उडणं, बोलण्यात असंबद्धपणा येणं, यातलं एक लक्षणही रुग्णालय गाठायला पुरेसं आहे.

रुग्णालयात गेल्यावर पहिलं महत्त्वाचं काम म्हणजे ब्लड कल्चर. मोठ्या माणसाच्या दोन वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेऊन ते पोषक द्रव भरलेल्या बाटल्यांत सोडतात. एका बाटलीत साधारण आठ ते दहा मिलिलिटर. “किती रक्त काढताय!” म्हणून नातेवाईक कुरकुरतात. पण रक्तातले जंतू अनेकदा अगदी विरळ असतात आणि थेंबभर रक्तात ते सापडतीलच असं नाही. बाटल्या उबदार यंत्रात ठेवतात. जंतू वाढले की त्यांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची यंत्राला चाहूल लागते. काही यंत्रांत बाटलीच्या तळाची चकती हिरवटाची पिवळी होते. बऱ्याचदा पहिल्या दोन दिवसांत उत्तर मिळतं. मात्र हे रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतलेलं बरं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या पोटात गेलेल्या असतील, तर जंतू मरत नाहीत पण कल्चरमध्ये दिसतही नाहीत, आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं.

“प्रत्यारोपण झालेल्याला सेप्सिस झाला की संपलंच.”

सेप्सिसमध्ये जंतू जितकं नुकसान करतात, तितकंच किंवा त्याहून अधिक नुकसान शरीराचा बेताल प्रतिसाद करतो. २०१६ पासून सेप्सिसची व्याख्याही तशीच आहे: संसर्गाला शरीराने दिलेल्या बिघडलेल्या प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं. मग ज्यांचा प्रतिसाद औषधांनी आधीच मवाळ केला आहे, त्यांचं काय होतं? अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रक्तात जीवाणू सापडलेल्या सेप्सिसच्या रुग्णांची तुलना केली होती. प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हतं, उलट कमी होतं. याचा अर्थ गोळ्या सेप्सिसपासून वाचवतात असा काढू नये. अशा रुग्णांना संसर्ग अधिक वेळा होतो, आणि त्यांच्यावर डॉक्टरांची नजर असल्याने उपचारही लवकर सुरू होत असावेत. पण “आता काय उपयोग” म्हणून हातपाय गाळून बसायला काहीही आधार नाही, एवढं यातून नक्की दिसतं.

“जंतू गर्दीतून येतात, मास्क लावला की झालं.”

मास्क उपयोगाचाच आहे, पण रक्तात शिरणारे जंतू पुष्कळदा स्वतःच्याच आतड्यातले असतात. किडनी बदललेल्यांमध्ये त्यांचा नेहमीचा रस्ता म्हणजे मूत्रमार्ग, आणि नेहमीचे आरोपी ई. कोलाय व क्लेबसिएला. लिव्हर बदललेल्यांमध्ये पोट आणि पित्तनलिका. आणि कुणाच्याही बाबतीत, मानेतली किंवा छातीतली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी.

याचं दुसरं टोकही घातक आहे. लघवीच्या रिपोर्टमध्ये जंतू दिसले की लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं. प्रत्यारोपणानंतरचे पहिले एक-दोन महिने सोडले, तर कोणताही त्रास नसताना केवळ जंतू दिसले म्हणून औषध देऊ नये, असंच तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. अशा प्रत्येक अनावश्यक कोर्समधून औषधाला दाद न देणारे जंतू निवडून वाढतात, आणि आपल्या देशात ते आधीच भरपूर आहेत.

“इन्फेक्शन आहे तोवर प्रत्यारोपणाच्या गोळ्या बंद ठेवू.”

गंभीर संसर्गात डॉक्टर यातली काही औषधं कमी करतात किंवा थांबवतात, हे खरं. पण कोणतं, किती आणि कधी हे घरी ठरवायचं नाही. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद केलं, तर बीपी कोसळू शकतं, तेही शरीराला त्याची सर्वाधिक गरज असताना. साधी वाटणारी औषधंही गोंधळ घालतात. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल सुरू झालं की टॅक्रोलिमसची लेव्हल चढते; टीबीवरचं रिफाम्पिसिन ती पार खाली आणतं.

आणि काढा? जी शक्ती आवरण्यासाठी आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या, तिलाच चेतवणारं काही पोटात घालण्यात काय अर्थ आहे? मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वाद झाला. तो वाद काहीही असो, प्रत्यारोपण झालेल्याने हा धोका पत्करू नये. खरं संरक्षण लसींत आहे: फ्लू, न्यूमोकॉकस, हिपॅटायटिस बी. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र त्यांना देत नाहीत. म्हणून कोणतीही लस आपल्या केंद्राला विचारूनच घ्या.

प्रत्यारोपण केंद्राचा फोन नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा. ताप १००.४ झाला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी फोन करा, सगळ्या गोळ्यांची यादी सोबत घ्या आणि रुग्णालय गाठा.