‘जर’, ‘जेव्हा’ आणि ‘मग’

(द्वितीय वर्ष, कला)

परीक्षा म्हटली की आम्हां विद्यार्थ्यांच्या छातीत धडधड सुरू होते. पण ज्या संकेतस्थळावर आपण अर्ज भरतो, त्याची परीक्षा कोण घेते? हा प्रश्न मला गेल्या वर्षी पडला, आणि तो महागात पडला.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला वडिलांबरोबर तालुक्याला गेले. उत्पन्नाचा दाखला मुदतीच्या शेवटच्या दिवशी हाती आला होता. सगळे रकाने भरले, ‘जमा करा’ दाबले आणि पडदा कोरा! पुन्हा दाबले, पुन्हा कोरा. रात्री मुदत संपली. आदल्याच दिवशी त्या संकेतस्थळात काही बदल केला होता, असे मागाहून कळले. फीसाठी घरची शेळी विकावी लागली.

दिवाळीला आत्याचा मुलगा पुण्याहून आला. तो सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. मी विचारले, “दादा, बदल केल्यावर कोणी एकदा अर्ज भरून पाहत नाही का रे?”

“पाहतात की! पण प्रत्येक बदलानंतर सगळे पुन्हा तपासायला माणूस पुरा पडत नाही. म्हणून ते काम यंत्राला द्यायचे. मात्र नीट मांडून द्यायचे, नाहीतर नुसता पसारा होतो.”

त्याच्याकडून समजले ते असे. वापरणाऱ्याचे काम खरोखर होते की नाही हे पाहणारी ती ‘स्वीकृती चाचणी’. यंत्रच ब्राउझर उघडते, रकाने भरते, बटण दाबते आणि निकाल पाहते. यासाठी लागणारे ‘सेलेनियम’ हे साधन जेसन हगिन्स यांनी २००४ साली शिकागोत तयार केले. २००८ साली आलेल्या ‘कुकुंबर’मध्ये तर चाचणी साध्या वाक्यांत लिहिता येते, तिचे खुणेचे शब्द मराठीतही आहेत!

परिदृश्य: शिष्यवृत्तीचा अर्ज
जर विद्यार्थिनीने अर्ज पूर्ण भरला आहे
जेव्हा ती अर्ज जमा करते
मग तिला अर्जाचा क्रमांक मिळतो

या वाक्यांत बटणाचे नाव कोठेही नाही, हे ध्यानात घ्यावे. चाचण्यांची मांडणी फडताळासारखी तीन कप्प्यांची असते. वरच्या कप्प्यात माणसाला काय हवे ती वाक्ये. मधल्यात त्या वाक्यांमागच्या कृती. खालच्यात प्रत्येक पानाची माहिती: कोणता रकाना कोठे आहे, बटण कोणते. उद्या ‘जमा करा’चे ‘सादर करा’ झाले, तर खालच्या कप्प्यात एकाच जागी दुरुस्ती करायची. हीच माहिती शंभर चाचण्यांत विखुरली, तर शंभर ठिकाणी हात घालावा लागतो. मग कंटाळून चाचण्याच सोडून दिल्या जातात.

दुसरा नियम असा की प्रत्येक चाचणीने आपली शिदोरी आपण आणावी. एकीने तयार केलेल्या विद्यार्थिनीवर दुसरी विसंबली, तर पहिली कोसळताच दुसरीही कोसळते, आणि खरा दोष कोठे ते कळत नाही.

तिसरा नियम थांबण्याचा. पान यायला कधी एक सेकंद लागतो, कधी दहा. ठरावीक सेकंद थांबण्याऐवजी हवी ती गोष्ट दिसेपर्यंत थांबावे; अर्थात त्यालाही मर्यादा हवी. नाहीतर चाचणी विनाकारण कधी पास, कधी नापास होते. मग ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीसारखे घडते, आणि खरा दोष आला तरी कोणी पाहत नाही.

शिवाय ब्राउझरमधून चालणाऱ्या चाचण्या संथ असतात. म्हणून टक्केवारीचे गणित, तारखेचा हिशेब असे बारीक नियम लहान चाचण्यांनी वेगळे तपासावेत. अर्ज भरण्यापासून क्रमांक मिळेपर्यंतची मुख्य वाट तेवढी येथे ठेवावी. आणि कोणताही बदल लोकांपुढे जाण्यापूर्वी ती वाट यंत्राने चालून पाहावी.

मित्रहो, यंत्र विचारलेलेच तपासते. ज्या वडिलांना आडनाव लिहिता येत नाही, ज्या घरात एकच मोबाइल आहे, ज्यांचा दाखला शेवटच्या दिवशी मिळतो, त्यांच्यासाठीचे ‘जर’ माणसानेच लिहायचे असते. ते सुचायला माणसे माहीत असावी लागतात. म्हणून मला वाटते, या कामात आम्हां कला शाखेच्या मुलामुलींनाही जागा आहे.

यंदा मी पुन्हा अर्ज भरला. क्रमांक आला. तो वडिलांनी माझ्याकडून वहीत दोनदा लिहून घेतला.