संगणकाचा मालक कोण?

जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेल कंपनीची ई-मेल सेवा एकाएकी बंद झाली. कंपनीचे मुख्य कार्यालय आपल्या मुंबईत. संगणक बिघडले नव्हते. परवान्याचे पैसेही पूर्ण भरलेले आहेत, असे कंपनीचे म्हणणे होते. पण कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के वाटा आहे. म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने इथली सेवा थांबवली. भारत सरकारने तसे निर्बंध घातलेच नव्हते! कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग काही दिवसांत सेवा सुरू झाली.

तेल कंपनीचा कळवळा येण्याचे आपल्याला कारण नाही. पण पैसे मोजूनही तोटी दुसऱ्याच्या हातात, याचा अर्थ आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही.

यावर उतारा म्हणून लिनक्सचे नाव घेतले जाते. विंडोजसारखीच संगणक चालवणारी ही प्रणाली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला. तो कुणीही घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा, वाटावा, अशी परवान्यातच मुभा आहे.

मग यात धंदा कुठला? धंदा आहे, आणि मोठा आहे. प्रणाली फुकट, पण ती सांभाळून देण्याची सेवा विकत. अशी सेवा विकणारी रेड हॅट कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला घेतली. मात्र हा पैसा मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर मिळतो, टेबलावरच्या संगणकावर नाही. दुकानातला संगणक बहुधा विंडोज घालूनच येतो आणि त्याची किंमत बिलात मुरलेली असते. ती वेगळी दिसत नाही, म्हणून ग्राहकाला विंडोज फुकट वाटते आणि लिनक्स म्हणजे उगाच डोकेदुखी.

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने ही डोकेदुखी पत्करली. २००३ मध्ये निर्णय झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुटी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला धावले. महापौर बधले नाहीत. पुढील दहा वर्षांत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आले. २०१४ मध्ये महापौर बदलले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले जर्मनीतले मुख्यालय म्युनिक शहरात आणले आणि २०१७ मध्ये महापालिकेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. योगायोग म्हणावा की आणखी काही, ज्याने त्याने ठरवावे. आता त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने पुन्हा लिनक्सची वाट धरली आहे.

पण लिनक्स तरी कुणाच्या हातात? ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या गाभ्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून सुमारे डझनभर रशियन लोकांची नावे वगळली गेली. कारण अमेरिकी निर्बंधांचे कायदे. लिनक्स वापरण्याची मुभा रशियनांना आजही आहे. यादीत नाव मात्र नाही. तुलना फार ताणायची नाही, पण १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले होते आणि महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह चवदार तळ्यावर जावेच लागले. खुले असणे आणि कारभारात हात असणे, या दोन गोष्टी वेगळ्या.

आपल्याकडे सी-डॅकने 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली काढली, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये 'माया' घेतली. केरळच्या सरकारी शाळांतील मुले तर कित्येक वर्षे लिनक्सवरच शिकत आहेत.

पालकांसाठी कामाची गोष्ट वेगळी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ संपला आणि अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही. असा संगणक भंगारात देऊ नका. पेनड्राइव्हवरून उबुंटू किंवा मिंट आधी चालवून पाहता येते. संगणकातले काही पुसले जात नाही. मराठीही नीट लिहिता येते. मात्र मुलगी अकाउंट्स शिकत असेल तर टॅलीसाठी विंडोजच लागते. एमएस-सीआयटीच्या वर्गातही बहुतेक ठिकाणी विंडोजच समोर येते. म्हणून अभ्यासिकेत चार संगणक असतील, तर तीन लिनक्सवर न्यावेत आणि एक विंडोजवर राहू द्यावा.