साहेब कडक, पण सोबत कोण?

मे २०१६ मध्ये तुकाराम मुंढे नवी मुंबई महापालिकेचे आयुक्त झाले. कार्यालयात शिस्त, बेकायदा बांधकामांवर हातोडा आणि सकाळी ‘वॉक विथ कमिशनर’, म्हणजे चालता चालता नागरिकांच्या तक्रारी. लोक खूश, नगरसेवक मात्र आपल्याला विश्वासात घेत नाहीत म्हणून खवळलेले. ऑक्टोबरात त्यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. सरकारने त्यांना लगेच हटवलं नाही, पण मार्च २०१७ मध्ये बदली झालीच. (काम चुकलं होतं का, हा वेगळा वाद.)

सोबतची माणसं दुरावली की काय होतं, ते यातून दिसतं. म्हणून ऐरोली-महाप्यातल्या कंपन्यांच्या साहेबांनीही एवढं तपासावं: वाईट बातमी तुम्हाला आधी हाताखालचा माणूस देतो, की चिडलेला ग्राहक? ग्राहक देत असेल, तर पुढच्या मीटिंगला आधी बाकीच्यांना बोलू द्या आणि स्वतःचं मत शेवटी सांगून पाहा.