भोकांची आज्ञा

उधना-जळगाव लोहमार्गावरील चलथाण हे सुरतेजवळचे स्थानक खानदेशी माणसाला परके नाही. सुरतेच्या मागांवर पोट भरावयास गेलेली कितीतरी मंडळी याच मार्गाने गेली. तेथील जेकार्ड माग आणि गणकयंत्र यांचे कूळ एकच आहे, हे ऐकून प्रथमदर्शनी नवल वाटेल. पण ते खरे आहे.

नक्षीदार कापड विणताना ताण्याचा कोणता धागा उचलावयाचा आणि कोणता नाही, एवढाच काय तो प्रश्न असतो. पूर्वी मागापाशी बसलेला पोरगा दोऱ्या ओढून धागे उचली. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील जोसेफ जेकार्डने, पूर्वसूरींच्या कल्पना सुधारून, हे काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपविले. भोक असेल तेथे सुई आत शिरते व धागा उचलला जातो. नसेल तेथे तो खालीच राहतो. नक्षी बदलावयाची तर पुठ्ठ्यांची माळ बदलावी. मागास हात लावावयास नको. यंत्र निराळे आणि त्याला द्यावयाची आज्ञा निराळी, ही फोड येथे झाली. दोऱ्या ओढणाऱ्या पोराची भाकरी मात्र गेली.

इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हेच पुठ्ठे घेतले. ते यंत्र पुरे झाले नाही. १८९० च्या अमेरिकन शिरगणतीत हर्मन हॉलेरिथच्या यंत्रांनी भोकांच्या कार्डांवरून माणसे मोजली. पुढे कित्येक वर्षे गणकयंत्रांना आज्ञा मिळत त्या अशाच कार्डांतून.

आता उलट ऋण फिटत आहे. नक्षी गणकयंत्रावर रेखाटून थेट मागाला देता येते; पुठ्ठ्याला भोके पाडणाऱ्या कारागिरावर त्या पोराचीच पाळी येऊ लागली आहे.